दातात धरलेलं शेवाळ

"बाई, तुमी हयच बसा. आज कातळ खूप निसरडो आसा," असं म्हणत मथुराकाकीनं माझ्या हातातली पिशवी घेतलीसुद्धा.

खरं तर मी आधीच बसले होते. सुरूच्या सावलीत, कोरड्या वाळूवर, नोंदवही मांडीवर घेऊन. पायात ऑफिसनं दिलेले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात रबरी मोजे, गळ्यात ओळखपत्र. समुद्रात उतरायची अशी जय्यत तयारी करून मी दीड वर्ष दर महिन्याला वाळूवर बसत होते.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. भाटवेळ गावाच्या उत्तरेला, टेकडीमागं, अणुवीज प्रकल्प होता. त्याचं पाणी समुद्रात जाई, आणि त्या पाण्याबरोबर नको ते काही जातंय का हे बघायला आमची छोटीशी प्रयोगशाळा होती. असल्या गोष्टी समुद्रात इतक्या पसरून जातात की नुसतं पाणी तपासून हाती काही लागत नाही. शेवाळ मात्र त्या ओढून घेतं आणि अंगात साठवून ठेवतं, त्यातही आयोडीन तर फारच. म्हणून दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला ठरलेल्या कातळांवरचं तपकिरी, मण्यामण्यांचं शेवाळ काढायचं, त्याच पाण्यात खळबळून पिशवीत भरायचं आणि यंत्रावर ठेवायचं. पहिला नियम असा की नमुना घेणाऱ्यानं तो मोजे घालून स्वतः घ्यायचा, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. वहीत 'नमुना घेणार' असा एक रकाना होता. त्यात मी दर महिन्याला सही करायची, शैला मगदूम, चांगली वळणदार.

मी मिरजेची. पाणी म्हणजे कृष्णेचा घाट, तोही पायरीवर बसून बघायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कातळावरून घसरले आणि दोन दगडांच्या फटीत कमरेपर्यंत गेले. लाट यायच्या आत जिनं मला मनगटाला धरून वर खेचलं ती मथुराकाकी. ती कालवं काढायला आली होती. शिंपल्यांनी कापून कापून तिचा तळहात इतका खरखरीत झाला होता की माझ्या मनगटावर दोन दिवस ओरखडे होते. त्या दिवशी मी वाळूवर बसून लहान मुलीसारखी रडले आणि तिनं माझं शेवाळ आणून दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तिनंच आणलं. मग तशी रीतच पडली. मी तिला चहापूड, साबण असं काहीबाही न्यायची, आणि आपण कुणाची फसवणूक करतोय असं मला कधी वाटलं नाही. शेवाळ त्याच कातळावरचं होतं ना?

तिची काढायची पद्धत मोठी बघण्यासारखी होती. एका हातात कालवं फोडायची लोखंडी टोकाची काठी, दुसरा हात कमरेवरच्या टोपलीला. मग शेवाळाचा झुबका उपटला की ती तो सरळ दातात धरायची आणि तसाच दातात धरून, कातळ चढून उतरून, पिशवी ठेवलेल्या दगडापाशी यायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईला तपकिरी दाढी आली आहे. मी हसायची. "मीठ लागता तोंडाक," ती म्हणायची, "पण हात खयसून आणू तिसरो?"

त्या दिवशी मात्र पिशवी घेऊन ती लगेच गेली नाही. आठ-दहा दिवस ती दिसली नव्हती. भावाच्या घराची वास्तुशांत म्हणून मुंबईला गेलीय, असं गावात सगळे सांगत होते. आता तिनं आजूबाजूला बघितलं, इतर बायका कातळाच्या पार टोकाला होत्या, आणि कमरेच्या चंचीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"ह्यो जरा वाचून सांगा, बाई. मी वास्तुशांतीक नाय गेललंय. गळ्याच्या ह्या गाठीचा औषध घेवक गेललंय. पेल्यातसून पाण्यासारखा एक घोट दिल्यानी, झाला. काय काय करूचा नाय ता ह्या कागदात लिवलाहा म्हणे. भावशीक वेळ नाय होतो. दर्यात उतरलंय तर चलात काय?"

"मग गावाला खोटं का सांगितलंत?"

"सुगंधाच्या सासरी कळात ना! ते आधीच म्हणतत, आवस सदाची आजारी. तेंका कळला तर चेडवाक माझ्याकडे धाडूचे नाय. कोणाक सांगू नकात हां, तुमका माझी शपथ."

सुगंधा तिची एकुलती एक मुलगी. खाडीपलीकडं दिली होती, आणि तिला सातवा महिना होता. आठवा लागला की तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं. कातळाच्या टोकावरून तिच्या सासरचं कौलारू छप्पर दिसायचं, आणि काकी कालवं फोडता फोडता मधेच उभी राहून तिकडं बघायची. नवरा बोटीवर गेला तो परत आला नव्हता. एकटीनं तिनं पोर वाढवली होती. गेले चार महिने तिच्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता. आळीव आणून ठेवलेत, डिंक आणलाय, सुईणीला सांगून ठेवलंय, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झालीत.

मी घड्याळ बघितलं. सव्वापाचला पाणी वळणार होतं. मी कागदाच्या वरच्या दोन ओळी वाचल्या, घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"काही नाही, काकी. नेहमीचंच आहे. जपून राहा म्हणतात. उतरलात तर चालतं. पण आधी शेवाळ आणा, पाणी भरायला लागेल."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. कागद चंचीत खोचून ती काठी टेकत कातळावर गेली. थोड्या वेळानं दातात झुबका धरून परत आली. मी वहीत सही केली.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर आयोडीन दिसलं.

आमचे प्रमुख डॉक्टर निमकर हे शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. कागदावरची ती उभी रेघ बघून ते खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. आयोडीनच्या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षं 'आढळले नाही' हे दोनच शब्द लिहीत आलो होतो. आकडा तसा क्षुल्लक होता. ते शेवाळ कुणी महिनाभर भाजीसारखं खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. पण प्रकल्प आला तेव्हा गावाशी करार झाला होता की दर महिन्याचे आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावायचे, जसे येतील तसे. निमकरांनी एका शब्दाचीही लपवाछपवी केली नाही. तिसऱ्या दिवशी आकडा फळ्यावर लागला.

चौथ्या दिवशी शहरातून मासळी न्यायला येणारी गाडी गावाच्या वेशीवरून परत गेली. पाचव्या दिवशी आलीच नाही. बर्फ वितळून गेला, बांगडे वाळूत पुरावे लागले. शाळेत मुलांना घरून निरोप गेले की नळाचंसुद्धा पाणी पिऊ नका, जसं काही नळाला समुद्र जोडला होता. आमच्या जीपवर कुणी शेण फेकलं. मी चहाला जायची त्या हॉटेलात मला बघून लोक बोलायचे थांबू लागले.

निमकर दिवसरात्र कागद चाळत होते. प्रकल्पाच्या सगळ्या नोंदी कोऱ्या होत्या. त्यांनी स्वतः जाऊन प्रकल्पाच्या नळाच्या तोंडाशी शेवाळ काढलं, त्यातही काही निघालं नाही. दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"मगदूम, हे बघा. नुसतं आयोडीन आहे. सोबत सिझियम नाही, कोबाल्ट नाही. नळाशी काही नाही आणि तीन किलोमीटर लांब कातळावर आहे. हे भट्टीतलं नव्हे. हे दवाखान्यातलं आहे. थायरॉईडच्या रुग्णाला देतात ते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नमुना तुम्ही स्वतः काढलात ना?"

"हो सर."

"दुसऱ्या कुणाचा हात लागला होता?"

माझ्या उमेदवारीची मुदत पुढच्याच महिन्यात पुरी होत होती. कायम करायचं की नाही, याचा अहवाल निमकर लिहिणार होते. वडील पेन्शनीत निघाले होते, धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. हे सगळं खरं आहे, पण त्या क्षणी मला यातलं काहीच आठवलं नव्हतं. मला फक्त माझ्या त्या अठरा सह्या डोळ्यांपुढं दिसल्या.

"एक कालवं काढणारी बाई होती," मी म्हणाले. "मी नको म्हणत असताना तिनं पिशवी उचलून आणली. ती मुंबईहून असलंच काहीतरी औषध घेऊन आली होती म्हणे. मला आत्ता कळलं."

निमकरांनी मोठा श्वास सोडला. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "बिचारी. तिला त्रास व्हायला नको. सभा बोलवतो आणि सांगतो की रुग्णाच्या औषधाचा अंश नमुन्याला लागला, समुद्र स्वच्छ आहे. नाव कुठंही येता कामा नये, काय?"

"नाही सर," मी म्हणाले, आणि ते मी मनापासून म्हणाले होते.

सभा देवळाच्या मंडपात झाली, दुपारी चार वाजता. पुरुष खांबांपाशी उभे, बायका एका बाजूला सतरंजीवर. मथुराकाकी बायकांत बसली होती, मांडीवर शेजारणीची नात. आता कुणाला जवळ घ्यायला हरकत नव्हती, औषधानंतर ठरवून दिलेले पंधरा दिवस उलटून चार दिवस झाले होते. हे तिनं बोटांवर मोजून ठेवलं असेल असं मला तेव्हा सुचलंही नाही.

निमकरांनी सगळं नीट सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि मग एकच गलका झाला. कसला रुग्ण? कुठला? प्रकल्प वाचवायला उभा केलेला रुग्ण! होड्यांचे म्होरके भिकाजी तांडेल पुढं आले. साठीचा माणूस, आवाज न चढवता बोलणारा. ते निमकरांशी बोललेच नाहीत, माझ्याकडं वळले.

"बाई, एक इचारतंय. आमच्यो बायलो रोज कातळार आसतत. तेंचा म्हणणा, तुमी कधी कातळार उतरलासच नाय. बूट घालून सुरूखाली बसतात. मगे नमुनो काढता कोण?"

निमकरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, मी 'नाही, मीच काढते' असं म्हणेन याची ते वाट बघत होते. मला ते म्हणता आलं असतं. 'होय, मी उतरत नाही, चूक माझी आहे' असंही म्हणता आलं असतं. तांडेलांना एवढंच हवं होतं. कुणीतरी एकानं खरं बोलावं, बस.

"नमुना मीच काढते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच किंचाळल्यासारखा वाटला. "त्या दिवशी फक्त मथुराकाकींनी पिशवी आणली. त्या मुंबईहून किरणांचं औषध पिऊन आल्या होत्या. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे झालंच नसतं."

शेजारीण वाकली आणि तिनं काकीच्या मांडीवरून आपली नात उचलून घेतली. मग तिच्या दोन्ही बाजूंची सतरंजी हळूहळू रिकामी होत गेली. कुणी तिला हिडीसफिडीस केलं नाही. सगळ्या जरा जरा सरकल्या, इतकंच.

काकी माझ्याकडं बघत होती. मी वही उघडून त्यात बघू लागले.

"खरा काय गो, मथुरा?" तांडेलांनी विचारलं.

ती उठून उभी राहिली. पदर सारखा केला. आता ती सांगणार, कागद दाखवला होता म्हणून, बाईंनी वाचला होता म्हणून.

"होय," ती म्हणाली. "औषध घेतलंय ता खरा. नि बाई म्हणतत ताय खरा. मी तेंका सांगूक नाय."

एवढं बोलून ती मंडपाबाहेर गेली. पायरीवरच्या चपला तिनं घातल्या नाहीत, हातात धरल्या आणि चालू लागली.

तांडेलांनी लगेच पंचायतीच्या फोनवरून व्यापाऱ्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली. लोक इतके सुटल्यासारखे झाले की मला हॉटेलात चहाचे पैसे कुणी देऊ देईना. परतताना जीपमध्ये निमकर एकच वाक्य बोलले. "नाव घ्यायला नको होतं, मगदूम." पुढच्या महिन्यात त्यांनी माझा अहवाल चांगला लिहिला. मी कायम झाले.

सभेनंतर आठ दिवसांनी मी काकीच्या घरी गेले. ती पडवीत बसून कालवं सोलत होती. शेजारी कालवांच्या मांसानं भरलेलं पातेलं होतं, आणि दुपारचे दोन वाजले होते. एरवी बाराच्या आत तिची कालवं खपलेली असत.

"कोणी घेणा नाय," माझी नजर बघून ती म्हणाली. "मीच खातंय. बसा."

मी पायरीवर बसले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आढ्याला पाळणा टांगलेला होता आणि त्यात दुपट्यांची घडी दिसत होती.

"काकी, सुगंधा कधी येणार?"

"नाय येवची. सोयऱ्यांचो निरोप इलो. बाळातपण थयच करतले." तिनं सुरी थांबवली नाही. "सुगंधा रडता म्हणे. रडतलाच. पयला बाळातपण, आवस जवळ नको?"

मी काहीतरी पुटपुटले, माफ करा असं काहीतरी. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. हात पुसले, आत गेली आणि तो कागद घेऊन आली. तेच प्लॅस्टिक, तीच घडी.

"तेव्हा तुमका घाई होती. आता वाचा. सगळो वाचा."

मी वाचू लागले. साध्या मराठीत छापलेला कागद होता. रुग्णालयाचं नाव ही पहिली ओळ. 'आपणास किरणोत्सारी आयोडीनचे औषध देण्यात आले आहे' ही दुसरी.

ही दुसरी ओळ मी त्या दिवशी वाचली होती. सव्वापाचला पाणी वळणार होतं, आणि हा शब्द कळणारी त्या किनाऱ्यावर मी एकटी होते. रोज तोच शब्द मी रकान्यांवर लिहीत होते. तो वाचून माझ्या मनात काय आलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मनात आलं, आज हिला थांबवलं तर आपल्याला उतरावं लागेल. मग मी घडी घातली. एवढ्याशानं काय होतंय, असं स्वतःला सांगितलं, आणि रात्रीपर्यंत विसरूनसुद्धा गेले.

"पुढं वाचा," ती म्हणाली.

"लाळ, घाम आणि लघवीतून हे औषध बाहेर पडते. आपली उष्टी वस्तू इतरांना देऊ नये. पंधरा दिवस लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे." मी शेवटच्या ओळीवर आले. "त्यानंतर आपल्यापासून कोणासही कोणताही धोका नाही."

"कोणाकच नाय?"

"कुणालाच नाही."

"पोरांपासून पंधरा दिवस लांब रव, येवढा दवाखान्यात सांगलेल्यानी, ते मी बोटां मोडून मोजलेले. सभेदिवशी एकोणीस झालेले." ती शांतपणं म्हणाली. "मगे ह्या शेवटचा तुमी सभेत कित्या नाय सांगलात?"

मी कागदाची घडी घालू लागले. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुम्ही का खोटं बोललात?" मी विचारलं. "कागद दाखवला होता हे सांगायचं होतंत. मी काय करू शकणार होते?"

"तुमचीच नोकरी पक्की होवची होती ना पुढल्या म्हयन्यात? तुमीच सांगलेलास." तिनं कालव उचललं आणि सुरीचं टोक फटीत घातलं. "माझा गेलाच होता. तुमचा घालवून माका काय गावला असता?"

मी तिला वचन दिलं. उद्याच खाडीपलीकडं जाते, सुगंधाच्या सासूला कागद वाचून दाखवते, प्रयोगशाळेची बाई म्हणून सांगते की धोका नाही. तिनं मान हलवली. उठून आत गेली आणि मला देण्यासाठी पाणी आणलं, पण पेला माझ्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तरीच्या धक्क्यावर गेले. पलीकडं नेणारी होडी आली, गेली, पुन्हा आली. पलीकडं जाऊन बोलायचं म्हणजे सगळं बोलावं लागलं असतं. मग हे तुम्ही सभेत का नाही सांगितलंत, असं ती सासू विचारणारच. तिथून तो शब्द तांडेलांकडं आणि निमकरांकडं जायला दोन दिवस पुरले असते. तरवाला ओरडून विचारत होता, बाई, येणार की नाही? मी हातानंच नाही म्हटलं. कारणं पुष्कळ सांगता येतील, पण मला भीती वाटली, खरं कारण तेवढंच. काकीनं नंतर कधी विचारलं नाही, गेलात का म्हणून.

पुढच्या दोन अमावास्यांना निमकर स्वतः माझ्याबरोबर कातळावर उतरले. तिसऱ्या वेळी मी एकटी होते. फाल्गुन होता, सकाळची वेळ, दर्या पार मागं हटलेला. बूट घालून, मोजे घालून मी पहिल्यांदा खरोखरच एकटी निघाले. टोकाला सहा-सात बायका कालवं फोडत होत्या, आणि त्यांच्यापासून बरीच अलीकडं, एकटी, मथुराकाकी होती.

शेवाळाचा कातळ तिच्या पलीकडं होता. मधल्या फटीपाशी माझा पाय सरकला. ही तीच फट, पहिल्या महिन्यातली. मी गुडघ्यावर पडले, पिशवी पाण्यात गेली, आणि मला पुढंही जाता येईना आणि मागंही.

"डावो पाय वर घ्या," काकीचा आवाज आला. "थय नाय. त्या काळ्या दगडार. शेवाळार पाय ठेव नकात, उघड्या दगडार ठेवा. हां."

मी तसं केलं. ती फटीच्या कडेला येऊन उभी राहिली होती. घशाखालची गाठ बसली होती, गळा साफ दिसत होता.

"काल चेडू झाला सुगंधाक," ती म्हणाली. "तरवाल्यान सांगल्यान."

"बघून आलात?"

"बाराव्याक बोलवतत काय बघूया." तिनं पलीकडच्या छपराकडं बघितलं नाही.

मी वर यायला हात पुढं केला. तिनंही सवयीनं केला. तो खरखरीत तळहात माझ्या मनगटापासून वीतभर लांब होता. तेवढ्यात टोकावरच्या बायका काम थांबवून आमच्याकडं बघू लागल्या. काकीला ते न बघताच कळलं. तिनं हात मागं घेतला, काठी फिरवली आणि लोखंडी टोक स्वतःच्या मुठीत धरून लाकडी बाजू माझ्यापुढं केली.

"हात नको, बाई. काठी धरा."

तिनं औषध घेऊन तीन महिने होऊन गेले होते. ते आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे अकरा वेळा निम्मं झालं होतं. त्या हातात काहीही उरलेलं नव्हतं. हे सगळ्या भाटवेळमध्ये मला एकटीला ठाऊक होतं, आणि बायका बघत होत्या. मी तो हात धरला असता तर त्यांना ते कळलं असतं, काही न बोलता कळलं असतं, आणि दुपारपर्यंत खाडीपलीकडंही गेलं असतं.

मी काठी धरली.